विषय : करार संपल्याचं कारण सांगून नुकसानभरपाईची हमी नाकारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, लीज विभाग

तुमच्या प्रतिनिधीशी बोलून आत्ताच फोन ठेवला. करार तुम्हीच लिहिलेला आहे, त्यामुळे त्यात काय आहे ते तुम्हाला समजावत बसत नाही.

आमची लीज चालू असताना सामायिक पॅसेजमधला पाइप फुटला. देखभाल तुमची होती. शेजारच्या भाडेकरूचा माल भिजला आणि त्याची भरपाईची नोटीस आम्हाला आली, आम्ही जागा सोडल्यानंतर. इमारतीच्या देखभालीतल्या दोषामुळे तिसऱ्या कुणाचा दावा आला तर आमची भरपाई तुम्ही कराल, असं कलम करारात आहे. नोटीस मिळताच तुम्हाला लेखी कळवलं आहे. उद्या 'उशिरा कळवलंत' म्हणू नका.

आता आजचा संवाद.

"सर, तुमचं अ‍ॅग्रीमेंट टर्मिनेट झालंय. सिस्टीममध्ये तुम्ही इनॅक्टिव्ह दिसताय."
पाइप फुटला तेव्हा अ‍ॅक्टिव्ह होतो ना?
बराच वेळ टायपिंगचा आवाज. "हो सर, पण क्लेम नंतर आलाय."
क्लेम नंतर आला, पाणी आधीच आलं होतं.
"सर, टर्मिनेट म्हणजे टर्मिनेट."
मग ताबा दिल्यानंतर तुमच्या रंगाऱ्याला त्या जागेत दुखापत झाली, त्याचा खर्च तुम्ही आमच्याकडे कसा मागता?
"ते कलम सर्व्हाइव्ह करतं सर."
कलम एकच आहे हो! त्याची दोन उपकलमं. आम्ही द्यायचं ते जिवंत आणि तुम्ही द्यायचं ते वारलं? यावर उत्तर आलं, "सर, नवीन लीज घेतलीत तर केस रीओपन करता येईल." धन्य आहे.

करार संपला की पुढची देणीघेणी थांबतात, आधी उभी राहिलेली जबाबदारी पुसली जात नाही. घटना कधी घडली ते बघायचं असतं, नोटीस कधी आली ते नाही. त्यातून तुमच्याच करारात 'समाप्तीनंतरही लागू राहणाऱ्या तरतुदी' या मथळ्याखाली नुकसानभरपाईचं कलम नाव घेऊन लिहिलं आहे, दोन्ही पक्षांसाठी. जागा सोडताना सही केलेल्या कागदात फक्त भाडं आणि वीजबिलाचा हिशोब आहे. सगळे हक्क सोडल्याचं त्यात एक अक्षर नाही.

आणि रंगाऱ्याचं म्हणाल, तर कलम टिकतं याचा अर्थ ताबा दिल्यानंतरच्या नव्या घटनाही आमच्या माथी, असा होत नाही. आम्ही केलेल्या कामातल्या दोषामुळे तो पडला असता तर गोष्ट वेगळी होती. तो तुमच्याच शिडीवरून पडला. म्हणजे आधीचं तुमचं ते नाकारायचं, नंतरचं तुमचंच ते आम्हाला चिकटवायचं! वर त्यासाठी अनामत रक्कम अडवून ठेवायची. ती कशासाठी अडवता येते तेही करारातच आहे, आणि त्यात रंगारी नाही.

शेजाऱ्याचा दावा स्वीकारल्याचं लेखी कळवा आणि अनामत परत करा. पंधरा दिवसांत दोन्ही झालं नाही तर वकिलाची नोटीस येईल. शेजारी कोर्टात गेला तर तुम्हाला त्यात ओढल्याशिवाय राहणार नाही. तुमचं नाव ऐकून जागा घेतली होती. आता विचारणाऱ्याला हा संवाद जसाच्या तसा ऐकवतो.

पुन्हा सांगतो, कलम एकच आहे. उत्तर लेखी हवं, फोन करू नका.

एक माजी भाडेकरू