वर्गणी जमली नाही तरी चालेल, लसीकरणाच्या सकाळी मात्र या

पेठेतील सर्व रहिवासी, दुकानदार आणि भाडेकरू बंधू-भगिनींना मंडळाचा नमस्कार.

वर्गणीचं पुस्तक घेऊन आम्ही एरवी गणपतीआधी दारात येतो. या वेळी आडवेळी येतोय, आणि तेही गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्यासाठी आणि त्यांच्या नसबंदीसाठी. "आधी ती उचलून न्या, मग बोला" असं काही जण म्हणतील. त्यांनीही पुढचं वाचावं. चावा कुणालाच नको आहे, आम्हालाही नको.

कुत्री पकडायची गाडी आली की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पहिल्या फेरीत दोन-तीन जाळ्यात सापडतात. पुढच्या खेपेला गाडी कोपऱ्यावर असतानाच, नुसत्या इंजिनच्या आवाजावर, गल्ली मोकळी होते आणि गाडी गेली की तीच मंडळी चहाच्या टपरीखाली पुन्हा पसरलेली असतात. पाठीमागे जाळं धरून येणारा माणूस त्यांना चालीवरून कळतो. रस्त्यात कुणी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलं, तर कुत्रं आधी त्याच्या हाताकडे बघतं, मग तोंडाकडे. दगड नाही अशी खात्री पटली की मान टाकून देतं.

लस टोचताना आम्हाला घाम फोडते ती हीच हुशारी, पण तीच कामीही येते. डेअरीपुढची तांबडी कुणाच्या हाताला लागत नाही. पहाटे दुधाचे क्रेट उतरवणाऱ्या मामांनी हाक मारली, की तीच तांबडी उताणी लोळते. मागच्या लसीकरणाला मामांनी तिची मान खाजवत धरली आणि डॉक्टरांनी मागून सुई टोचली. तिने वळून पाहिलं, आणि बिस्किटाच्या वासाने डॉक्टरांच्याच खिशाला नाक लावलं. जाळं नाही, काठी नाही, आरडाओरडा नाही.

हे नुसतं आमचं म्हणणं नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्याच कुत्र्यांचा अभ्यास करतो. अनोळखी माणसाने वारंवार नुसतं खायला घातलं त्यापेक्षा अंगावरून हात फिरवला, तर कुत्री त्याच्यावर जास्त विसंबतात, असं त्यांना २०१७ साली दिसलं. २०२० च्या प्रयोगात दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकाकडे अनोळखी माणसाने बोट दाखवलं. जी कुत्री जवळ आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. कुणी शिकवलेलं नसताना. जवळपास निम्मी मात्र घाबरून जवळच आली नाहीत. माणसाचा त्यांना काय अनुभव आला असेल, ते आपल्या गल्लीत बघूनही समजतं.

आता हिशेबाचं. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्याने हे वर्षानुवर्षं गल्लोगल्ली फिरून केलं आणि २०२१ मध्ये तो देशातला पहिला रेबीज-नियंत्रित प्रदेश जाहीर झाला. आपल्या पेठेला ते जमू नये असं काय आहे?

कुत्री उचलून लांब सोडण्याचा मार्ग आम्ही धरलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला. तो विषय प्रशासनाचा, आपला विषय गल्ल्यांचा. शिवाय उकिरडा तसाच ठेवून ओळखीची कुत्री हलवली, तर त्या जागी पलीकडची, लस न झालेली, आपल्या पोरांना न ओळखणारी येऊन बसतात.

म्हणून आमची पहिली मागणी माणसांची आहे. ज्यांच्या हाकेला कुत्री येतात ते टपरीवाले, रात्रीचे वॉचमन, शिळी भाकरी घालणाऱ्या आजी, यांनी आपापली कुत्री कोणती ते मंडळात सांगावं आणि लसीकरणाच्या सकाळी अर्धा तास गल्लीत थांबावं. त्या दिवशी सकाळी कुणी खायला घालू नये. भुकेलं कुत्रं हाकेला लवकर येतं. दुसरी मागणी, नसबंदी झालेल्या कुत्र्यांना जखम भरेपर्यंत ठेवायला एखादं रिकामं गॅरेज किंवा बंद गाळा. कुणाचा छोटा टेम्पो असेल तर ने-आण सोपी होईल. गोणपाटं, जुन्या चादरी, रात्री चमकणारे पट्टे चालतील. उरलेला खर्च औषधांचा आणि डिझेलचा. त्याला ५० रुपयेही कमी नाहीत.

पालकांना एक विनंती. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, हात अंगालगत घेऊन उभं राहायचं, हे पोरांना शिकवा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. कुत्रं ओळखीचं आहे, लस झालेलं आहे, म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका.

लसीकरणाची तारीख डॉक्टरांनी वेळ दिली की मंडळाच्या फळ्यावर लागेल. नावं द्यायला आणि वर्गणीला रोज रात्री आठनंतर मंडळाच्या कट्ट्यावर कार्यकर्ते असतात. जमा-खर्च त्याच फळ्यावर दर रविवारी लिहिला जाईल. शिक्का असलेल्या पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका, अगदी आमच्या पोरांच्याही.

आपले,
तरुण मंडळाचे कार्यकर्ते