माळीकाका, मोगरा वाचला त्याबद्दल

माळीकाका, सादर नमस्कार.

दिवाळीच्या आधी तुम्ही काम सोडून भोरकडे गावी गेलात, तेव्हा मी नेमकी ऑफिसात होते. निरोपही नीट घेता आला नाही, ते मनाला लागून राहिलंय. हे पत्र नातीकडून वाचून घ्या. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण पुण्यातल्या कितीतरी गच्च्यांवर आणि सोसायट्यांत दर हिवाळ्यात त्याच चुका होतात, ज्या मी करत होते.

तीन वर्षांपूर्वीचा माझा मोगरा आठवतो ना? थंडी पडली तरी मी रोज संध्याकाळी उन्हाळ्यासारखं तांब्याभर पाणी घालायचे. पानं पिवळी पडली म्हणून आणखी एक तांब्या. तुम्ही कुंडीखालची ताटली काढून साचलेलं पाणी ओतून दिलंत, मातीत दोन पेरं बोट घातलंत आणि ते माझ्यासमोर धरलंत. बोटाला चिखल होता. "ताई, तहान नाही लागलेली त्याला, बुडालंय ते," एवढंच म्हणालात.

थंडीत झाडाची वाढ मंदावते, माती लवकर सुकत नाही, आणि ओल धरून बसलेल्या मातीत मुळांचा श्वास कोंडतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून बोट घातल्याशिवाय मी पाणी घालत नाही. घालते ते सकाळी, ऊन आल्यावर, आणि बुंध्याशी. मोगऱ्याला तर तुम्ही डिसेंबरभर पाणी कमी करून ताण द्यायला लावलात. संक्रांत झाल्यावर कात्री घेऊन आलात, वीत-दीड वीत ठेवून बाकी सगळं छाटलंत, उरलेली पानंही काढून टाकलीत. त्या उघड्या काटक्या बघून मला रडू यायचं बाकी होतं. वरची माती उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत मिसळलंत आणि पाणी हळूहळू वाढवायला सांगितलंत. महिन्याभरात पेरापेरातून पोपटी फूट आली. मार्चअखेर सकाळी दार उघडलं की गच्चीभर वास.

पण सगळ्यात मोठे आभार पानांबद्दल मानायचेत.

आपल्या आवारात बदामाची दोन झाडं आणि तो जुना मोठा विलायती शिरीष. हिवाळ्यात बदामाची पानं लाल होऊन गळायला लागली की फाटकापाशी रोज ढीग पेटायचा. थंडीत धूर वर चढत नाही, खालीच रेंगाळतो. माझ्या मुलाला दम्याचा त्रास, जानेवारीत खिडक्या बंद ठेवूनही तो खोकायचा. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१६ सालीच आलाय. मी तो मीटिंगमध्ये वाचूनही दाखवला होता. माना डोलल्या, दुसऱ्या दिवशी ढीग पेटलाच. जाळायचं नाही, तर पानं टाकायची कुठे, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते तुमच्याकडे होतं. कोणाशी वाद न घालता कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणलीत आणि कुंपणाशी छातीएवढा गोल उभा केलात. पानांचा थर, त्यावर घमेलंभर शेण, वरून गूळ कालवलेलं आंबट ताक आणि पाणी, पुन्हा पानं. बदामाची पानं जाड, म्हणून आधी पायाखाली तुडवून घ्यायचात. शिरीषाची बारीक पानं तशीच. पंधरवड्यानंतर एका गारठलेल्या सकाळी मला बोलावून म्हणालात, "हात घाला आत." मी कोपरापर्यंत घातला. आत ऊन होतं, काका! चुलीजवळ धरावा तसा हात शेकला. वरच्या पानांवर दव आणि आतून वाफ निघतेय. त्या दिवशी फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकेक करून हात घालून पाहिला, आणि त्यानंतर आवारात पान पेटलेलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी जाळी उघडलीत तेव्हा खाली काळंभोर, भुसभुशीत खत होतं. पहिल्या पावसानंतर जंगलातल्या मातीला येतो तसा वास. ते तुम्ही घरोघरी वाटलंत, जाळणाऱ्यांच्या घरीसुद्धा.

यंदा जाळी मी आणि वरच्या मजल्यावरच्या आजींनी भरली. कुंड्यांवरही चार बोटं पानांचं आच्छादन घातलंय, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी पुरतं. मेथीची एक कापणी झाली. धने चपलेने हलके रगडून, दोन फाका करून पेरले, तुम्ही दाखवलंत तसे. दहाव्या दिवशी उगवले. वालावर थोडी मावा कीड आलीय, त्यावर निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी चालू आहे.

मोगरा परवाच छाटला. या वेळी कात्री माझ्या हातात होती आणि हात थरथरला नाही. पहिली फुलं आली की ओंजळभर घेऊन आम्ही सगळे गावी येतोय, काकूंच्या गजऱ्यासाठी.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई