चार सूत म्हणजे इथला नंबर चार

ति. आप्पा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तिकडं रस्ते मीटरमध्ये करतात का फुटात, मी साइटवर होतो म्हणून घाईत ‘फुटात’ एवढंच बोललो. पण खरं उत्तर मोठं आहे.

आमचं सध्या कॅलिफोर्नियात एका पुलाचं रुंदीकरण चालू आहे. पूल २००० च्या आसपासचा, त्याची सगळी ड्रॉइंग मीटर-मिलिमीटरमध्ये आणि आमची नवीन फुटात! १९८८ च्या कायद्यानं सरकारी कामं मेट्रिकमध्ये करायचं ठरलं, हायवेला सप्टेंबर १९९६ ची मुदत दिली, मग ती २००० वर ढकलली आणि १९९८ ला सक्तीच काढून टाकली. तोवर राज्यांनी माणसं शिकवून तयार केली होती, ती हळूहळू परत फुटावर आली. तेव्हाची लेन ३.६ मीटरची, आताची १२ फुटांची, म्हणजे जवळपास सहा सेंटीमीटर जास्त, चार लेन धरल्या की वीतभर फरक येतो आणि जोड तिथंच घालायचा असतो.

गेल्या आठवड्यात कठडा फोडला तर सळईवर १३ चा शिक्का. नवीन पोरगा गोंधळला, अशी सळई यादीतच नाही म्हणाला. मी टेप लावला, अर्धा इंच. आप्पा, तुमची चार सूत! इथं सळईचा नंबर म्हणजे इंचाचे आठवे भाग, म्हणजे सूतच की. नंबर चार म्हणजे चार सूत. कारखान्यांनी सळई तीच ठेवली, शिक्का तेवढा मिलिमीटरचा मारला, १२.७ चे १३. पण १० नंबर घातक आहे, इंचाच्या यादीत तो सव्वा इंचाचा आणि मेट्रिक शिक्क्यात तीन सूत. हातात घेतल्यावर कुणालाही कळेल, कागदावर नाही कळत.

डिसेंबरात ॲरिझोनात टुसॉनहून नोगालेसला गेलो होतो, तिथल्या आय-१९ हायवेवर अंतराच्या पाट्या अजून किलोमीटरमध्ये आहेत, वेगाच्या मात्र मैलात. इतकं बरं वाटलं ते बघून, आणि वाईटही वाटलं. अर्ध्यात सोडायला नको होतं यांनी. आपल्याकडं तुम्ही सळई सुतात आणि खडी ब्रासमध्ये मागवता, पण ड्रॉइंग एकाच मापात येतं ना, माणूस तोंडानं काहीही म्हणू दे.

वरच्या स्लॅबची सळई आली की तिच्यावर काय आकडा उठलाय त्याचा फोटो पाठवा, इथल्या पोराला दाखवायचाय. आईच्या गुडघ्याचं कसं आहे ते पण लिहा.

तुमचा,
बाळू