लायनर ठोकून नव्हे, मोजून बसवा

मा. संपादक,
स. न.

गळिताचा हंगाम जवळ आला की सांगली, मिरज, तासगाव, पलूस भागातले जुने ट्रॅक्टर आणि डिझेल पंप कामासाठी खोलले जातात. बोअर, म्हणजे पिस्टन चालतो ते भोक, फारच झिजला असेल तर ब्लॉकला ड्राय लायनर, म्हणजे पाण्याचा संबंध न येणारी बिडाची बाही, घालतात. पुढे काही आठवड्यांतच रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागतात. हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवले की लायनर ब्लॉकच्या तोंडापेक्षा खाली गेलेला दिसतो, नख फिरवले तर अडकते. खापर हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटवर फुटते. नवे गॅस्केट टाकूनही तेच होते, कारण लायनरला खालून आधारच नसतो.

नुसत्या घट्टपणावर लायनर कधीही सोडू नये. ब्लॉक बोअर करताना तळाशी ३ ते ५ मिमीची पायरी राखावी आणि लायनर तिच्यावर टेकवावा. इथे एक बारीक गोष्ट हमखास निसटते. हत्याराच्या टोकाच्या गोलाईमुळे पायरीच्या कोपऱ्यात धातू शिल्लक राहतो. लायनरची खालची बाहेरची कड सुमारे १ मिमी तिरकी मारलेली नसेल तर तो पायरीवर न बसता त्या गोलाईवर अडकतो. इंजिन तापून हेडचा दाब आला की खाली सरकतो. पायरी ठेवायला जागाच नसेल, तर वर कॉलर (बाहेर आलेली कडा) असलेला लायनर घ्यावा आणि कॉलरसाठी ब्लॉकच्या तोंडाला खाच कापावी. मग हेडच त्याला दाबून धरते.

आता घट्टपणा, म्हणजे लायनर बोअरपेक्षा मोठा, तो किती? कंपनीचे पुस्तक असेल तर त्यातलेच माप धरावे. नसेल तर १०० मिमीच्या आसपासच्या बिडाच्या लायनरला ०.०५ ते ०.०७ मिमी पुरतो. ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त पक्का’ हा समज महागात पडतो. जुन्या ब्लॉकमध्ये दोन सिलिंडरमधली भिंत पातळ असते, ती तडकते; नाहीतर लायनरच चेपून लंबगोल होतो. उलट, बोअर मोठा झाला म्हणून लायनरभोवती पातळ पत्रा गुंडाळणे किंवा सेंटर पंचाने टिंब मारून तो घट्ट करणे तर पूर्ण चुकीचे. धातू टिंबांपुरताच टेकतो, बाकी ठिकाणी हवेची फट राहते. उष्णता ब्लॉककडे जात नाही आणि पिस्टन जाम होतो. लॉकटाइटसारखे चिकटद्रव्य जोडीला चालेल, पण पायरीच्या बदल्यात नाही.

घणाचीही गरज नसते; ब्लॉक तापवावा आणि लायनर गार करावा. बीड १०० अंशांनी तापले की १०० मिमीचा बोअर ०.११ मिमीने उघडतो. लायनर घरगुती डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवला तर ३० वरून उणे १८ अंशांवर येताना ०.०५ मिमीने आकसतो. दोन्ही मिळून ०.१६ मिमीचा फरक पडतो, घट्टपणा वजा जाऊनही मोकळीक उरते; लायनर हाताने उतरतो. वर धरलेले दव मात्र कोरड्या फडक्याने पुसावे, आणि हात भराभर चालवावा. उतरल्यावर लगेच सोडू नये. तापमान सारखे होताना लायनर वरच्या बाजूला आधी पकडला गेला, तर आखडणारा खालचा भाग पायरीवरून वर उचलला जातो. म्हणून जाड प्लेट आणि बोल्टने तो पूर्ण थंड होईपर्यंत दाबून ठेवावा. घाईच्या कामात हाच अर्धा तास वाचवला जातो आणि पुढचे दुखणे तिथेच सुरू होते.

सगळे लायनर बसल्यावरच आतून बोअरिंग करावे, कारण शेजारचा लायनर बसताना आधीचा थोडा दबतो. होनिंगसाठी, म्हणजे शेवटच्या बारीक घासाईसाठी, ०.०५ मिमी राखावे. वर उरलेली कड तोंडाच्या फेसिंगमध्ये सपाट करून घ्यावी.

बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या वेट लायनरची गोष्ट वेगळी. तो कंपनीच्या मापाइतका, बहुधा ०.०५ ते ०.१० मिमी, ब्लॉकच्या वर राहिला पाहिजे. ओ रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) न घालता, लायनर दाबून धरून डायल गेजने चार ठिकाणी मोजावे. कॉलरची बैठक गंजाने खाल्ली असेल तर ती कापून खाली शिम (पातळ पत्र्याची कडी) द्यावी. जाड गॅस्केटने हा दोष झाकला जात नाही.

ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथे मायक्रोमीटर न लावता लायनर ठोकला जावा, हे मनाला फार लागते. शेतकऱ्यांना विनंती आहे की काम देताना बिलावर चार गोष्टी लिहून मागाव्यात: लायनर घालण्यापूर्वीचा ब्लॉकचा बोअर (वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी), लायनरचा बाहेरचा व्यास, पायरी की कॉलर, आणि होनिंगनंतरचे शेवटचे माप. ही मापे घ्यायला जाणत्या टर्नरला तासभरही लागत नाही.

– एक इंजिन कारागीर, सांगली