नाव न सांगता गेलेल्यांनो

चिपळूणला आम्ही सगळे २००५ च्या खुणेवर विसंबलो होतो. त्या पुराची रेघ भिंतीवर होतीच. सामान तिच्याही वीतभर वर रचलं आणि निर्धास्त झोपलो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने ती रेघ कधी गिळली, कळलंच नाही.

ट्रकची ट्यूब घेऊन पोहत आलेल्या दोघा दादांनो, आमची आजी तुमच्यामुळे वाचली. "आजी, घट्ट धरा, खाली बघू नका," एवढंच बोललात. ती अजून तुम्हाला शोधते.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ. (पुरापेक्षा गाळ वाईट, वाळला की सिमेंटच.) फावडी, घमेली आणि स्वतःचे डबेसुद्धा घेऊन आलेल्या पोरांनो, तुम्ही आमचा चहाही घेतला नाहीत. नाव विचारलं तर म्हणालात, "आधी झाडू द्या, काकू."

आणि त्या ताई! तांदूळ-बिस्किटं सगळ्यांनीच दिली, सॅनिटरी पॅड आणि कोरडे परकर फक्त तुम्हाला सुचले.

सगळ्यांचे मनापासून आभार.

पोरांनो, तुमचं एक घमेलं आमच्याकडेच राहिलंय, कडेला निळा रंग असलेलं. न्यायला या. या खेपेला चहा घ्यावाच लागेल.