टाळूला भेग असलेल्या बाळाला दूध कसं पाजायचं, हे सुट्टी देण्याआधी शिकवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझी मुलगी तीन दिवसांची असताना आम्हाला दवाखान्यातून घरी सोडलं. त्या रात्री ती तासभर छातीला होती. तोंड चालत होतं, चुकचुक ऐकू येत होतं, पण घोट उतरल्यासारखं वाटत नव्हतं. मध्येच ठसका लागला आणि दूध नाकातून आलं. सासूबाई म्हणाल्या, दुधाला जोर जास्त असेल. मलाही ते पटलं. सातव्या दिवशी वजन थोडं कमी भरलं, तेव्हा 'सगळ्याच बाळांचं उतरतं' म्हणून आम्ही सोडून दिलं. चौदाव्या दिवशी आशाताईंनी पुन्हा झोळीत घालून वजन केलं. जन्माचं 2 किलो 700 ग्रॅम होतं, ते 2 किलो 350 वर आलं होतं. त्यांनी काटा दोनदा पाहिला, मग मोबाईलची बॅटरी लावून बाळाच्या तोंडात बघितलं. म्हणाल्या, "टाळूला भेग आहे गं." सासूबाईंचा हात झटकन बाळाच्या डोक्याकडे गेला. रोज तेल घालून टाळू त्याच भरायच्या ना! भेग तोंडाच्या आत होती, अगदी मागे. ओठ धड होता, म्हणून तोवर कोणालाच शंका आली नव्हती.

दूध ओढायला बाळाचं तोंड आतून बंद व्हावं लागतं. शहाळ्यातल्या नळीला भोक असलं, तर कितीही ओढा, पाणी वर येत नाही. या बाळांचं तसंच होतं. ती जीव तोडून ओढतात, दमतात आणि उपाशीच झोपतात.

मोठ्या दवाखान्यात आम्हाला सांगितलं, ऑपरेशन फुकट होईल, पण वर्षाच्या आसपास. तोवर वजन वाढवा, वाटी-चमच्याने पाजा. कसं पाजायचं, ते कोणी दाखवलं नाही. घरी सासूबाईंनी ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढलं, आमच्या घरातली चार पोरं त्यावर वाढलेली. पाय पसरून त्यावर बाळाला आडवं घेतलं आणि पूर्वापार पद्धतीने दूध सोडलं. तिसऱ्या दिवशी पोरीचे ओठ निळे पडले. दूध श्वासात गेलं होतं. न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस ऑक्सिजन लागला. सासूबाईंनी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही. साहेब, चूक त्यांची नव्हती. बोंडलंही चुकीचं नव्हतं. बाळाला कसं धरायचं, एवढंच कोणी सांगायचं राहिलं होतं.

ते आम्हाला पुढे एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी शिकवलं, वीस मिनिटांत. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं. पलाडाईची (बोंडल्यासारखीच चोच असलेली छोटी वाटी) चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध गालाच्या बाजूने थोडं थोडं द्यायचं आणि घोट उतरला की थांबायचं. हवा फार जाते, म्हणून मध्ये मध्ये ढेकर काढायचा. एका वेळचं पाजणं अर्ध्या तासात आटपायचं, कारण त्यापुढे बाळ पितं त्याहून जास्त दमतं. त्यांनी एक खास बाटलीही दाखवली. तिच्यात एकाच दिशेने उघडणारी झडप असते. बाळाने ओढायची गरज नाही, हिरडीने दाबलं की दूध येतं आणि मागे परतत नाही. अशी बाटली इंग्लंडच्या मँडी हॅबरमन यांनी शोधली. त्यांची लेक 1980 साली टाळूच्या भेगेसह जन्मली होती. म्हणजे हा शोधही एका आईच्याच जागरणातून आला. आम्हाला ती बाटली नवऱ्याच्या आठवड्याच्या कमाईला पडली, तीही मुंबईहून मागवून.

महाग वस्तूच हवी असं नाही. मऊ, दाबता येणारी साधी बाटलीही चालते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठ, सिएटलचं बालरुग्णालय आणि पाथ ही संस्था यांनी मिळून 'निफ्टी' नावाचा सिलिकॉनचा कप केला आहे. त्यात 40 मिलिलीटर दूध मावतं, आई थेट त्यातच दूध काढू शकते. त्याची चोच पाहिली तेव्हा मला आमचं बोंडलंच आठवलं. कमी दिवसांच्या बाळांनाही तो उपयोगी आहे, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भाच्या साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसतो.

मुलांमधले जन्मदोष आणि आजार लवकर शोधून उपचार देणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात टाळूची भेग आहे, ऑपरेशन आहे. जन्म ते ऑपरेशन यांमधल्या महिन्यांत रोजचं आठ-दहा वेळचं पाजणं मात्र आईच्या नशिबावर आहे. वजन भरलं नाही की ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

म्हणून मागते. प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात बाळाच्या तोंडात बॅटरी लावून मागपर्यंत बघणं सक्तीचं करा, नुसतं बोट फिरवून मागची भेग सुटते. तिथल्या कपाटात पलाडाई आणि मऊ बाटली ठेवा. पाजण्याची रीत शिकवलेली एक तरी सिस्टर प्रत्येक पाळीला असू द्या, आणि आईने स्वतःच्या हाताने पाजून दाखवल्याशिवाय तिला सुट्टी देऊ नका. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (जिथे अशा मुलांना तपासून उपचार देतात) स्पीच थेरपिस्टची जागा रिकामी असेल तर भरा. आणखी एक. बाटल्यांचा प्रचार रोखणारा 1992 चा कायदा चांगलाच आहे, तो सैल करा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या धाकाने सिस्टर खास बाटलीचं नावही काढत नाहीत, हे मी पाहिलं आहे. अशा बाळांसाठी काय चालतं, ते लेखी कळवा.

माझ्या मुलीचं ऑपरेशन तेराव्या महिन्यात झालं. ती आता चार वर्षांची आहे, भाकरी खाते, अंगणवाडीत गाणी म्हणते. आमची पलाडाई सध्या शेजारच्या गावातल्या एका बाळाकडे आहे. ते दोन महिन्यांचं आहे. त्याच्या आईला पाजायला शिकवायला मी दर गुरुवारी जाते.

आपली,
एक आई
यवतमाळ जिल्हा