बाबा, फणसाचं पुन्हा सांगा

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर मी विचारलं, "यंदा परसातल्या फणसाची साठं नाही का घातलीत?" आणि तुम्ही एकदम गप्प झालात. मग आईनं सांगितलं की मे महिन्यात वळिवाच्या वाऱ्यात फणस आडवा झाला आणि तुम्ही मला ते दोनदा सांगितलंत. मी म्हणे हळहळलेसुद्धा. मला त्यातलं अक्षर आठवत नाही.

लक्ष नव्हतं असं नाही. मे-जूनमध्ये मनाच्या दुखण्यावर उपचार म्हणून मला मेंदूला आठ वेळा विजेचे शॉक दिले. आई, आधी पूर्ण वाच, मग रड.

औषधांनी आठ महिन्यांत फरक पडला नव्हता. शेवटी पाणीही घशाखाली उतरेना. सही मीच केली. तुम्हाला कळवलं नाही, ही माझी चूक.

तुमच्या डोळ्यांसमोर सिनेमातला, हातपाय बांधलेला माणूस येईल. 1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी हे सुरू केलं तेव्हा भूल नव्हतीच. आता आपल्याकडे 2017 च्या कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. ते औषध देण्याआधी पायाला घोट्याच्या वर बीपीचा पट्टा आवळतात, म्हणजे ते पावलापर्यंत पोचत नाही. मग सगळं अंग निपचित आणि ते एकटं पाऊल थरथरतं. मेंदूत आकडी आली, हे त्यावरून कळतं. मी अर्थातच झोपलेले, हे मला सिस्टरनं सांगितलं.

वीज काही सेकंदच. पुढचं काम आकडीच करते. डॉक्टरांनी मला माझ्या मेंदूचा आलेख दाखवला: आधी करवतीच्या दात्यांसारख्या बारीक, घाईच्या रेघा, मग उंच, संथ होत जाणाऱ्या लाटा आणि चाळीसेक सेकंदांनी जवळजवळ सपाट रेघ. मी त्या सपाट रेघेकडेच बघत बसले. आकडी विझवायला मेंदू स्वतःच ब्रेक लावतो म्हणे, आणि उपचार पुढे सरकतात तशी आकडी आणायला वीज जास्त लागते. कदाचित हा ब्रेकच औषध असावा. 2023 मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनीही उपचारांनंतरच्या आलेखात, लाटांच्या मागे चालू असते त्या विस्कळीत खळखळीत, असाच आवर वाढल्याच्या खुणा दाखवल्या. स्कॅनमध्ये आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस उपचारांनंतर थोडा मोठा दिसतो, पण तो जितका वाढतो तितकं माणूस बरं होतं, असं मात्र नाही. आणि गंमत बघा, आठवणींचं कोठार वाढलं नि माझा फणस गेला!

उपचारांच्या आसपासचे काही दिवस कायमचे पुसले जाऊ शकतात, हे मला आधीच सांगितलं होतं. नवं लक्षात ठेवणं बरंच सुधारलंय. पाचव्या वेळेनंतर एका सकाळी मी आपणहून चहा मागितला, हे यांनी वहीत लिहून ठेवलंय. गोळ्या चालू आहेत. त्या सोडल्या तर दुखणं परत यायची भीती असते, म्हणून सोडणार नाही.

बाबा, तेवढं फणसाचं पुन्हा सांगा. विहिरीवर तर पडला नाही ना? लाकडाचं काय केलंत? या वेळी फोनवर नको, पत्रात लिहा.

तुमची,
मनू